एका सायकल-चौकटीची ओळखपरेड

उतार लागला की आपण सायकलीचे पाय मारणे थांबवतो. चाक फिरत राहते. ही किमया फ्रीव्हीलची. ट्रॅकवरील शर्यतीच्या सायकलीला फ्रीव्हीलच नसते. मागचे दातेरी चक्र चाकाला पक्के जखडलेले असते, त्यामुळे चाक फिरते तोवर पेडलही फिरणारच. ब्रेकही नसतो, वेग कमी करायचा तर पायांनीच पेडलला विरोध करायचा. (रस्त्यावर हा प्रयोग विद्यार्थ्यांनी करू नये.)

अशा जुन्या चौकटी शोधणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांना जपानमधील 'केइरिन' शर्यतीच्या पोलादी चौकटी विशेष हव्या असतात. ही शर्यत 1948 साली कोकुरा येथे सुरू झाली. तिच्यावर पैसे लावले जातात. म्हणून स्वाराने जिंकावे, यंत्राने नव्हे, यासाठी प्रत्येक भाग मान्यताप्राप्त असावा लागतो. मान्य चौकटीवर, पेडलचा आस जिच्यातून जातो त्या आडव्या नळीच्या तळाशी, 'एन.जे.एस.' असा ठसा असतो. योशिआकी नागासावा यांच्या चौकटींना तर फार मागणी. कोइची नाकानो यांनी 1977 ते 1986 अशी सलग दहा वर्षे व्यावसायिक स्प्रिंटचे जागतिक विजेतेपद मिळवले, त्यात या कारागिराचे नाव झाले.

पण ठसा कोणीही मारू शकतो. रंग तर हवा तेव्हा बदलता येतो. चौकटीची भूमिती बदलणे मात्र सोपे नाही, म्हणून आम्ही तिची साक्ष अधिक मानतो.

मागचे चाक बसवण्याच्या खाचा ट्रॅकच्या चौकटीत मागे उघडतात. चाक मागे ओढून साखळी ताणायची असते. त्या दोन खाचांमधील अंतर बहुधा 120 मिलिमीटर असते. जुन्या रेसिंग सायकलींत ते 126 किंवा 130 आढळते. पेडलच्या आसाची नळीही जमिनीपासून जरा उंच असते. याचे कारण मजेदार आहे.

वळणावर ट्रॅक आतल्या बाजूस उतरता असतो. स्वार उभ्या रेषेशी जो कोन करतो, त्याची टॅन्जंट म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या व गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार. त्रिज्या 22 मीटर आणि उतार 45 अंश धरला, तर ताशी सुमारे 53 किलोमीटर वेगाला सायकल ट्रॅकशी काटकोनात राहते. वेग याहून कमी असेल तर ती तेवढी झुकत नाही, आणि चढाकडचे, म्हणजे उजवे, पेडल ट्रॅकला टेकू पाहते. पाय थांबवून ते वर धरण्याची सोय नाही! टेकले तर स्वार खाली.

चौकट अस्सल असली, तरी धड आहे का? हँडलच्या नळीपासून खाली येणाऱ्या तिरक्या नळीला वरच्या टोकाशी खालून बोट लावून पाहावे. तिथे सुरकुती लागली तर चौकट समोरून कशावर तरी आदळलेली आहे. मग मागचे चाक काढून एक दोरा घ्यावा. एका खाचेला बांधून तो हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणावा, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. एकदोन मिलिमीटरहून जास्त फरक आला, तर चौकट वाकलेली समजावी. शाळेच्या आवारातल्या कोणत्याही सायकलीवर हे मोजमाप करता येईल.

यातून पार पडलेल्या चौकटीबाबतही एक अडचण उरते. केइरिनची चौकट बहुधा एकाच स्वाराच्या मापाने बांधलेली असते. तेव्हा विकत घेण्यापूर्वी सीटची नळी आणि वरची आडवी नळी मोजून, ती मापे आपल्या आताच्या सायकलीशी ताडून पाहावीत.