नाव एक, इंजिने अनेक

मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात गिऱ्हाईक सहसा गाडीचे नाव सांगते. ‘अँबॅसडरचा पिस्टन द्या,’ एवढे म्हटले की काम झाले, अशी त्याची समजूत असते. कलकत्त्याच्या मल्लिक बाजारातला किंवा दिल्लीच्या काश्मीरी गेटातला मुरलेला दुकानदार मात्र लगेच फळीकडे वळत नाही. तो प्रथम इंजिनाची चौकशी करतो; आणि ते योग्यच आहे.

उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ही गाडी २०१४ पर्यंत निघत होती. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीवरून घेतलेले तिचे बाह्य रूप फारसे बदलले नाही. पोटातील यंत्र मात्र पालटत गेले. आरंभीच्या गाड्यांत १४७६ घनसेंटिमीटरचे इंजिन असे. त्याच्या झडपा सिलिंडरच्या कडेला, ब्लॉकमध्येच बसविलेल्या होत्या. १९५९ च्या सुमारास त्याच्या जागी १४८९ घनसेंटिमीटरचे ‘बी’ मालिकेतील इंजिन आले. फरक अवघा तेराचा! सिलिंडरचा व्यास पाहावा, तर पहिल्याचा ७३.५ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ७३ हून किंचित अधिक. इतके साम्य पाहून कोणासही मोह व्हावा. परंतु दुसऱ्या इंजिनात झडपा माथ्यावर गेल्या. त्या हलविण्यासाठी दांडे व तरफा आल्या. साहजिकच हेड, गॅस्केट, कॅमशाफ्ट, सारेच निराळे झाले.

पुढे याच १४८९ आकड्याचे डिझेल इंजिनही आले. पेट्रोल इंजिनात मिश्रण सात-आठ पट दाबले जाते, तर डिझेलमध्ये हवा वीस पटींहून अधिक. तो भार सोसणारे पिस्टन आणि क्रँकशाफ्ट अर्थातच वेगळे. १९९० नंतरच्या दशकात इसुझूचे इंजिन बसले, तेव्हा तर मिस्त्र्याला पानेही बदलावे लागले. आधीचे इंचांच्या मापाचे, हे मिलिमीटरचे.

कुर्ल्याच्या कारखान्यात नेमके उलटे घडले. तेथील फियाट ११०० डी १९७० नंतरच्या दशकात प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि लवकरच प्रीमियर पद्मिनी. नाव दोनदा पालटले, पण १०८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन तेच राहिले. नावावरून शोध घेणारा येथेही फसतो. हाती आलेला उपयोगी भाग तो परका समजून टाकून देतो.

एवढे सारे जुळले, तरी एक प्रश्न उरतोच. झिजलेले सिलिंडर आतून घासून रुंद करतात आणि त्यांत मोठे पिस्टन घालतात. पिस्टनच्या माथ्यावर ‘०२०’ असा आकडा कोरलेला दिसला, तर तो मूळ मापाहून इंचाचा वीस सहस्रांश मोठा आहे, असे जाणावे. तो रुंद न केलेल्या सिलिंडरात शिरणारच नाही. आणि रुंद केलेल्यात मूळ मापाचा पिस्टन घातला, तर तो खडखडेल, तेल जाळील. म्हणून जाणता मिस्त्री बाजारात जाण्यापूर्वी ब्लॉकवरची काजळी पुसून इंजिनाचा क्रमांक कागदावर उतरवितो, आणि जुना पिस्टन फडक्यात गुंडाळून बरोबर नेतो.