मायकेलँजेलो : मूर्तीकडून वास्तूकडे

मायकेलँजेलो स्वतःला मूर्तिकार म्हणवीत असे. तथापि त्याच्या हातून थोर वास्तूही घडल्या, आणि त्या घडविताना त्याची छिन्नीची सवय काही सुटली नाही. वास्तूचे अवयव मानवी देहाच्या अवयवांशी नाते सांगतात. देह ज्याला कळला नाही त्याला वास्तूही कळावयाची नाही, अशा आशयाचे विधान त्याच्या एका पत्रात आहे.

१५०५ साली पोप दुसरा ज्यूलियस ह्याच्या समाधीचे काम त्याने पत्करले, तेव्हा वास्तू ही मूर्तींची बैठक एवढाच विचार दिसतो : चाळीसएक मूर्ती मांडण्यासाठी उभारलेला एक प्रचंड चौथरा. तो बेत आक्रसत गेला आणि १५४५ मध्ये भिंतीला टेकलेले, मोझेसच्या मूर्तीभोवतीचे एक स्मारक तेवढे पुरे झाले.

फ्लॉरेन्समधील सान लोरेंझो चर्चच्या मेदिची समाधिमंदिरात दोन्ही कला बरोबरीने बोलू लागतात. शवपेटिकांच्या उतरत्या झाकणांवर दिवस आणि रात्र, उषा आणि संध्या ह्यांच्या मूर्ती पहुडल्या आहेत. त्या आता घसरतील की काय, असे वाटते. खाली नद्यांच्या देवता यावयाच्या होत्या. त्या झाल्याच नाहीत. वर अरुंद कोनाड्यांत दोन मेदिची सरदार बसले आहेत. भिंत त्यांना दाबते आहे आणि त्या दाबातूनच त्यांचा ताठा प्रकटतो.

परंतु माझ्या मते खरे नवल त्याच चर्चलगतच्या ग्रंथालयाच्या प्रवेशदालनात आहे. तेथे मूर्ती एकही नाही. कोनाडे आहेत, ते रिकामे. स्तंभाने भिंतीच्या पुढे उभे राहावे, ही रूढ रीत. येथे करड्या दगडाचे जोडस्तंभ भिंतीच्या पोटात शिरले आहेत आणि पांढरी भिंतच त्यांच्यामधून पुढे फुगून येते. स्तंभांखाली वळणदार घोडे आहेत, पण ते काही पेलतात असे वाटत नाही. हा निव्वळ लहरीपणा, असे कोणी म्हणेल. मात्र स्तंभ शोभेचे नाहीत, ते वरचा भार वाहतात, हे विसाव्या शतकातील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. संगमरवरात अडकलेल्या बंदिवानांच्या ज्या मूर्ती त्याने कोरल्या, त्यांची धडपड येथे स्तंभांच्या वाट्यास आली आहे.

ह्या दालनातील जिना त्याने स्वतः बांधलेला पाहिलाच नाही. १५३४ मध्ये तो फ्लॉरेन्स सोडून गेला, तो पुन्हा परतला नाही. पुढे वार्धक्यात रोमहून त्याने जिन्याचा मातीचा एक लहानसा नमुना धाडला. मूर्तीचा पहिला विचार शिल्पकार मातीत करतो, तसाच हा. जिना अक्रोडाच्या लाकडाचा व्हावा, अशी त्याची इच्छा होती. आम्मानातीने तो १५५९ च्या सुमारास दगडात उभारला. मधल्या पायऱ्या फुगीर कडांनी वरच्या दारातून खाली ओतल्यासारख्या येतात आणि जवळजवळ सारे दालन व्यापून टाकतात.