सांदवाडीतल्या दुपारी

गेल्या काही वर्षांत नागभीडचा उन्हाळा बराच पालटला. इतवारीची नॅरोगेज गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली आणि दुपारची वेळ सांगणारी तिची शिट्टीही गेली. त्याच्या आदल्याच वर्षी घोडाझरीचं सुमारे १५९ चौरस किलोमीटर जंगल अभयारण्य झालं. गावात मात्र कवेलूंच्या जागी स्लॅब आले आणि घरामागच्या सांदवाड्या आक्रसत गेल्या. आमची राहिली, ती आईच्या हट्टामुळे.

वैशाखात जेवणं उरकली की पडवीत बाज टाकायची आणि समोर बघत राहायचं, हा आमचा जुना शिरस्ता. पारा पंचेचाळिशीपार गेला की कावळेसुद्धा चोच वासून बसतात. फुटक्या माठाच्या बुडात पाणी ठेवू लागलो, तेव्हा पहिल्यांदा आले सातभाई, कलकलाट करत, सगळं कुटुंब घेऊन. मग बुलबुल, खारी, कुंपणाखालून येणारं मुंगूस. समोरच्या उंबराला फळं धरली की हरियालांचा थवा उतरतो. राज्यपक्षी म्हणून त्याचं नाव सगळ्यांना पाठ, पण पानांत तो असा मिसळतो की टपकणाऱ्या उंबरांवरूनच त्याचा पत्ता लागतो.

शेवग्याची वाळकी फांदी तोडायची एका वर्षी राहून गेली. तिच्या खालच्या अंगाला तांबटाने बीळ कोरलं. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर लाल टिळा. टुक् टुक् करताना त्याची चोच मिटलेलीच असते. गळ्याची कातडी तेवढी फुगते आणि प्रत्येक ठोक्याला मान हलते. त्यानंतर वाळक्या फांदीला कुऱ्हाड लावू दिली नाही.

सगळ्यांत मोठा फरक पडला तो पाचोळ्याने. मोहफुलं वेचणं सोपं जावं म्हणून झाडाखाली आग लावायची इकडे सवय आहे आणि जंगलातले कितीतरी वणवे त्यातूनच पेटतात. तीच सवय परसातही उतरते. आम्ही आंब्याखालचा पाचोळा तसाच राहू दिला. त्यात किडे, गांडुळं वाढली, सरडे आले आणि एका मे महिन्याच्या अखेरीस नवरंग उतरला. हिवाळा दक्षिणेत, पार श्रीलंकेपर्यंत काढून हा विणीसाठी मध्य भारतात येतो. आखूड शेपटी वरखाली हलवत तो उड्या मारत जातो, थांबतो, चोचीने एकेक पान उलटून बघतो. मावळतीला त्याची दोन सुरांची शीळ आली की आई हातातलं काम ठेवून ऐकते. तेवढ्यासाठी पाचोळ्याचा पसारा खुशाल असावा, असं मला मनापासून वाटतं.

नवरंगामागोमाग पावशा ओरडू लागतो. मृग तोंडावर आलेला असतो, घरची माणसं धानाच्या पऱ्ह्यांच्या तयारीला लागतात आणि बाज उचलून आत जाते.