रायफलीच्या नळीची वैशिष्ट्ये आणि गोळीचा वेग : एक विवेचन

प्रस्तावना :

सोलापूरहून विजापूरला जाणाऱ्या शैक्षणिक सहलींत दोन तोफा आवर्जून पाहिल्या जातात. ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ 1549 मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि 1632 मध्ये विजापूरला नेण्यात आली. तिची लांबी चौदा फुटांहून थोडी अधिक, तर मुखाचा आतील व्यास सुमारे सव्वादोन फूट आहे. म्हणजे लांबी व्यासाच्या जेमतेम सहापट. उपली बुरुजावरील लांब तोफ तीस फुटांची असून तिचा व्यास सुमारे एक फूट आहे. येथे हेच प्रमाण तीसपट होते. लांब नळीतून सुटलेला गोळा अधिक वेगवान असणार, असा तर्क पाहणारा सहज करतो. आधुनिक रायफलीबाबतही हाच समज रूढ आहे. तो कितपत खरा आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नळीतील क्रिया :

काडतुसातील दारू पेटताच निर्माण होणारा वायू गोळीला पुढे ढकलतो. गोळी पुढे सरकते तशी तिच्यामागील जागा वाढते, वायू प्रसरण पावतो आणि त्याचा दाब उतरू लागतो. दाबामुळे मिळणारे बल घर्षणाहून अधिक आहे तोवरच वेग वाढतो. दोन्ही बले समान झाली की वेगवाढ थांबते. त्यापुढील नळी गोळीला मंद करते.

‘इन्सास’चे उदाहरण :

पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास आस्थापनेने विकसित केलेल्या ‘इन्सास’ मालिकेत रायफलीची नळी 464 मिलिमीटर, तर हलक्या मशीनगनची नळी 535 मिलिमीटर लांब आहे. दोन्हींत 5.56 मिलिमीटरचेच काडतूस वापरले जाते. गोळीचा मुखवेग अनुक्रमे सुमारे 900 आणि 925 मीटर प्रतिसेकंद आहे.

या आकड्यांचा अर्थ कार्य-ऊर्जा प्रमेयाने उलगडतो. दाब अखेरपर्यंत स्थिर राहिला असता, तर ऊर्जा लांबीच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे 15 टक्क्यांनी वाढली असती आणि वेग 966 मीटरपर्यंत गेला असता. प्रत्यक्षात ऊर्जा साडेपाच टक्क्यांच्या आसपासच वाढते. हा हिशेब ढोबळ असला, तरी मुखाजवळ दाब किती क्षीण झालेला असतो हे त्यावरून ध्यानात येते.

क्रीडारायफलीचे उदाहरण :

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळविले. या प्रकारात पॉइंट टू टू काडतूस वापरतात. त्यातील दारू अत्यल्प असल्याने सर्वसाधारणपणे 40 ते 45 सेंटिमीटर अंतरातच गोळी कमाल वेग गाठते. तरीही स्पर्धेच्या अनेक रायफलींच्या नळ्या याहून बऱ्याच लांब असतात. हेतू वेगाचा नसून अचूकतेचा असतो : पुढील व मागील दर्शकांतील अंतर वाढल्याने नेम साधताना होणारी कोनात्मक चूक घटते. स्पर्धेच्या काडतुसाचा वेग तर मुद्दामच ध्वनीच्या वेगाहून कमी राखला जातो. कारण ध्वनीचा वेग ओलांडून खाली येताना गोळीचे स्थैर्य बिघडू शकते.

अन्य घटक :

नळीच्या आतील सर्पिल आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि स्थिर राहते. या फिरण्यात एकूण ऊर्जेचा एक टक्काही खर्च होत नाही. म्हणून आट्यांच्या पिळाचा वेगावरील परिणाम नगण्य असतो. याउलट छिद्राच्या व्यासातील सूक्ष्म फरक, पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा आणि झीज यांचा परिणाम मोजता येतो. दीर्घ वापराने आट्यांचा आरंभीचा भाग उष्ण वायूने झिजतो, दाब पूर्वीइतका चढत नाही आणि वेग घटतो. त्यामुळे एकाच कारखान्यातील समान लांबीच्या दोन नळ्याही एकाच काडतुसाला किंचित भिन्न वेग देतात.

निष्कर्ष :

वेग हा केवळ नळीचा गुण नसून दारू, गोळी आणि नळी यांच्या मेळाचा परिणाम आहे. विजापूरच्या दोन तोफांपैकी कोणत्या तोफेचा गोळा अधिक वेगवान होता, हे त्यांच्या लांबीवरून सांगता येणार नाही. त्यासाठी दारूचे प्रमाण आणि गोळ्याचे वजन माहीत असावे लागेल. न्यायवैद्यक तपासातही केवळ शस्त्राच्या प्रकारावरून गोळीच्या वेगाचे अनुमान काढणे याच कारणाने सदोष ठरते. तेथे तेच शस्त्र आणि त्याच प्रकारचे काडतूस घेऊन केलेले मापनच ग्राह्य मानावे लागते. पदवी वर्गात कार्य, ऊर्जा आणि वायूचे प्रसरण हे विषय बहुधा स्वतंत्रपणे शिकविले जातात. एका नळीच्या आधारे ते एकत्र मांडता येतात आणि ‘जितकी लांब तितकी वेगवान’ हा समजही विद्यार्थ्यांना स्वतः तपासता येतो.