इंजिनाचे पाणी : जुनी जीपगाडी व ट्रॅक्टर यांची घ्यावयाची निगा

बैल तहानला म्हणजे चालताचालता थबकतो, हौदाकडे ओढ घेतो. त्याची तहान धन्यास न सांगता कळते. इंजिनास मात्र अशी वाचा नाही. त्याच्या पोटातील पाणी थेंबाथेंबाने कमी होत असते, तरी ते मुकाट्याने काम करीत राहते आणि ज्या दिवशी थांबते त्या दिवशी बहुधा कायमचे थांबते. म्हणून इंजिनाच्या तहानेकडे आपणच लक्ष पुरविले पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यातील एक प्रसंग येथे नमूद करतो. आमच्या तालुक्यातील एका टोमॅटो-बागायतदाराकडे बरीच वर्षे वापरलेली एक जीपगाडी होती. तिच्या रेडिएटरखालच्या रबरी पाइपातून पाणी झिरपत असे. ते दररोज सकाळी विहिरीचे बादलीभर पाणी ओतीत व गाडी बाहेर काढीत. पिकावरील किडीच्या पाहणीसाठी मी त्यांच्याकडे गेलो असता गाडीखालची ओली जमीन माझ्या दृष्टीस पडली होती; परंतु तो आपला विषय नव्हे, असे मानून मी काही बोललो नाही. पंधरवड्याने, बाजाराच्या दिवशी, माल भरलेली गाडी घाट चढत असताना तो पाइप फुटला. उष्णतादर्शक काटा प्रथम वर गेला आणि मग एकाएकी खाली आला. इंजिन थंड झाले, अशी त्यांची समजूत झाली व त्यांनी गाडी तशीच पुढे नेली. घाटमाथ्यावर इंजिन जाम झाले. माल दिवसभर उन्हात राहिला व सडला. हेड वाकले, गॅसकेट गेली, पिस्टन धरले. त्या हंगामातील टोमॅटोचा सारा नफा दुरुस्तीत खर्ची पडला. मूळ दोष होता तो काहीशे रुपयांत मिळणाऱ्या एका पाइपाचा.

तो काटा खाली का आला, हे समजून घेण्यासारखे आहे. काट्याचा संवेदक पाण्यात बुडालेला असतो. पाणीच निघून गेले म्हणजे तो उघडा पडतो व खरे तापमान दाखवीत नाही. म्हणून वर गेलेला काटा अचानक खाली आल्यास ते सुचिन्ह न मानता इंजिन तत्काळ बंद करावे.

उष्णता जाते कोठे?

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एकतृतीयांश भागच चाके फिरविण्याच्या कामी येतो. दुसरा तेवढाच भाग धुराबरोबर नळीतून बाहेर पडतो, आणि उरलेला भाग इंजिनाच्या भिंतीत शिरतो. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधील वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. ही उष्णता सतत बाहेर काढली नाही तर वंगण जळेल आणि धातू वितळू लागेल.

हे काम पाणी करते. वॉटर पंप ते सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरवितो. तापलेले पाणी वरच्या पाइपाने रेडिएटरमध्ये जाते, बारीक नळ्यांतून उतरताना पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि खालच्या पाइपाने इंजिनात परत येते. या मार्गावर कोठेही गळती, अडथळा किंवा शिथिलता उत्पन्न झाली की सर्व व्यवस्था कोलमडते. काही ट्रॅक्टरांची इंजिने केवळ हवेने थंड होतात. त्यांना प्रस्तुत लेखातील पाण्याविषयीचा भाग लागू नाही, तथापि त्यांची पाती धूळ व भुसा यांपासून मुक्त ठेवणे तितकेच अगत्याचे आहे.

पाणी कोणते घालावे?

ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही व साबणास फेस येत नाही ते पाणी जड समजावे. आपल्याकडील अनेक विहिरींचे व बोअरचे पाणी या प्रकारचे असते. असे पाणी तापविल्यावर बंबाच्या आतून जसा पांढरा थर बसतो, तसाच तो इंजिनाच्या पोकळीत व रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो. हा क्षारांचा थर उष्णतेस अडवितो. पाणी थंड असल्याचे दिसते, परंतु थराआडचा धातू तापतच राहतो. दररोज नवे पाणी ओतणारा शेतकरी दररोज नवे क्षारही इंजिनात ओतीत असतो, हे ध्यानी घ्यावे.

यास्तव इंजिनात ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट यांचे समभाग मिश्रण घालणे उत्तम. कूलंट थंड प्रदेशात पाणी गोठू नये म्हणून वापरतात, आपल्याकडे त्याची गरज नाही, असा समज आहे. तो बरोबर नाही. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात आणि त्याच्या योगे पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. पुष्कळशा डिझेल इंजिनांतील लायनर पाण्यात उभे असतात. त्यांच्या कंपनामुळे पाण्यात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात व कालांतराने लायनरला बाहेरून छिद्रे पडतात. योग्य कूलंटने ही झीजही पुष्कळ अंशी टळते. निरनिराळ्या जातींची कूलंटे एकमेकांत मिसळू नयेत. केवळ रंगावरून जात ठरवू नये, डब्यावरील सूचना वाचावी. तयार मिश्रण असलेल्या कूलंटात पुन्हा पाणी घालू नये.

ऊर्ध्वपातित पाणी न मिळाल्यास पहिल्या काही सरींनंतर स्वच्छ छपरावरून धरलेले पावसाचे पाणी, अथवा तेही नसल्यास उकळून, निवळून व गाळून घेतलेले पाणी तात्पुरते चालवून घ्यावे.

लहान भाग, मोठे काम

रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नव्हे. ते आतील दाब धरून ठेवते आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळते. दर चौरस सेंटिमीटरला ०·९ किलोग्रॅम दाब धरणारे झाकण असल्यास साधे पाणी सुमारे ११८ अंशांस उकळते. समुद्रसपाटीपासून जसजसे उंच जावे तसतसा उत्कलनबिंदू उतरतो. महाबळेश्वराच्या उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९५ अंशांसच उकळू लागते. घाट चढणाऱ्या गाडीचे झाकण निकामी असेल तर ती का उकळते, हे यावरून स्पष्ट होईल. झाकणाचे रबर चिरले असल्यास, किंवा इंजिन निवल्यावर वरचा पाइप चपटा झालेला आढळल्यास झाकण बदलावे. नवे झाकण मूळ झाकणाइतक्याच दाबाचे असावे. हरवलेल्या झाकणाच्या जागी चिंधी कोंबून गाडी चालविणे सर्वथा अयोग्य होय.

थर्मोस्टॅट ही पाण्याच्या वाटेवरील झडप आहे. इंजिन थंड असता ती मिटलेली राहते आणि बहुतेक इंजिनांत ८० अंशांच्या आसपास उघडू लागते. गाडी तापते म्हणून ही झडप काढूनच टाकण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. तसे केल्याने इंजिन आवश्यक तेवढे तापत नाही, इंधन अधिक लागते, वंगण बिघडते व झीज वाढते. आणि तापण्याचे मूळ कारण तसेच राहते. झडप गरम पाण्यात बुडवून तपासता येते. ती उघडत नसल्यास नवी बसवावी.

पंख्याचा पट्टा ढिला असेल तर पंखा व पंप दोन्ही मंद फिरतात. पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबले असता तो साधारणतः १२ ते १५ मिलिमीटर आत जावा. नेमके माप यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे. पट्ट्यास भेगा पडल्या असल्यास तो बदलावा व एक जादा पट्टा गाडीत ठेवावा. वॉटर पंपाच्या खालच्या अंगास एक बारीक छिद्र असते. त्यातून पाणी ठिबकू लागणे म्हणजे आतील सील गेल्याची सूचना होय. ते छिद्र कदापि बुजवू नये.

रबरी पाइप हाताने दाबून पाहावेत. ते फार मऊ, फुगीर किंवा कडक होऊन चिरलेले असल्यास बदलावेत. चारपाच वर्षांनी ते बाहेरून चांगले दिसले तरी बदलणे हितावह. काही यंत्रांत खालच्या पाइपात तारेची स्प्रिंग असते. पंपाच्या ओढीने पाइप चपटा होऊ नये म्हणून ती असते. नवा पाइप घालताना ती टाकून देऊ नये.

मळणीच्या दिवसांत विशेष दक्षता

मळणीयंत्र चालविताना ट्रॅक्टर एका जागी उभा असतो व भोवती भुसा उडत असतो. तो रेडिएटरच्या जाळीत व पात्यांत अडकतो आणि वाऱ्याची वाट बंद होते. दर काही तासांनी यंत्र थांबवून जाळी झाडावी. संध्याकाळी, इंजिन निवल्यावर, पंख्याच्या बाजूकडून पुढे या दिशेने हवा वा पाण्याची मंद धार सोडून पाती धुवावीत. जोराची धार जवळून मारल्यास पाती वाकतात व उपायाचाच अपाय होतो. मळणीसाठी ट्रॅक्टर शक्यतो वाऱ्याच्या अशा बाजूस उभा करावा की भुसा त्याच्यापासून दूर जाईल.

पाणी बदलण्याची रीत

नेहमीच्या प्रकारचे कूलंट दोन वर्षांनी बदलावे; दीर्घ मुदतीचे असल्यास डब्यावरील मुदत पाळावी. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढावे. रेडिएटरच्या तळाचा व ब्लॉकचा असे दोन्ही नळ उघडून जुने पाणी एका भांड्यात घ्यावे. स्वच्छ पाणी येईपर्यंत आतून धुवावे. पूर्वी यासाठी धुण्याचा सोडा वापरीत. परंतु ॲल्युमिनियमचे हेड वा रेडिएटर असल्यास सोड्याने धातू खाल्ला जातो, म्हणून तो वापरू नये. नंतर नळ बंद करून नवे मिश्रण सावकाश भरावे, म्हणजे आत हवा कोंडणार नाही. झाकण उघडे ठेवून इंजिन मंद चालवावे. वरचा पाइप गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला असे समजावे, व पातळी उतरल्यास भर घालून झाकण लावावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहावी.

काढलेले कूलंट नालीत वा बांधावर ओतू नये. त्याची चव गोडसर असल्याने कुत्री, गुरे व लहान मुले ते पिण्याचा संभव असतो, आणि ते प्राणघातक विष आहे. मूत्रपिंडे निकामी होण्यापूर्वीच नशा चढल्यासारखी लक्षणे दिसू शकतात. असे घडल्याचा नुसता संशय आला तरी माणसास रुग्णालयात व जनावरास पशुवैद्यकाकडे विनाविलंब न्यावे. जुने कूलंट बंद डब्यात भरून गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करावे.

इंजिन तापल्यास

भार कमी करून गाडी बाजूस घ्यावी व इंजिन बंद करावे. झाकणास हात लावू नये. दाबाखालील पाणी झाकण सैल होताच वाफेसह उसळते व चेहरा, हात, डोळे भाजतात. अर्धा-पाऊण तास थांबावे. पाइप हातास गार लागल्यावर जाड फडक्याने झाकण प्रथम थोडे फिरवावे, दाब निघून जाऊ द्यावा व मगच काढावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतल्यास ब्लॉक किंवा हेड तडकते. कोणी भाजल्यास जखमेवर सुमारे वीस मिनिटे वाहते गार पाणी धरावे. तूप, शाई, टूथपेस्ट असे काही लावू नये व डॉक्टरकडे न्यावे.

इंजिन चालू असता रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, डिपस्टिकवरील ऑइल दुधाळ दिसणे, धुराड्यातून पांढरी वाफ थांबता न थांबणे ही हेड गॅसकेट गेल्याची लक्षणे होत. अशा वेळी ‘एवढी खेप मारून घेऊ’ असा विचार मनात आणू नये. यंत्र ओढून न्यावे, चालवीत नेऊ नये.

एक दिवस ठरवून ठेवा

दररोज सकाळी, इंजिन थंड असता, पाण्याची पातळी पाहावी व यंत्राखालच्या जमिनीवर नजर टाकावी. आठवड्यातून एकदा पट्टा व पाइप पाहावेत. सर्वांगीण तपासणीसाठी मात्र एक दिवस ठरवून घ्यावा. खंडेनवमीस आपण अवजारांची पूजा करतो, गाडीस हार घालतो. त्याच सकाळी, हार घालण्यापूर्वी, झाकण, पाइप, पट्टा व पंप तपासावेत आणि एक वर्षाआड कूलंट बदलावे. त्यामुळे तारीख लक्षात ठेवण्याचे निराळे कारण उरत नाही, आणि ऊस-वाहतुकीच्या व रब्बीच्या कामापूर्वी यंत्र सज्ज होते. दुसरी तपासणी उन्हाळी नांगरणीपूर्वी करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस एक विनंती. आपण शेतावर जाल तेव्हा पिकाबरोबरच उभ्या असलेल्या यंत्राखालची जमीनही पाहा. ती ओली दिसली तर शेतकरी बंधूस दोन शब्द अवश्य सांगा. प्रस्तुत लेखकाने ते एकदा सांगितले नाहीत. त्या बागायतदारांनी आता इंजिन दुरुस्त करून घेतले आहे, आणि हल्ली मी त्यांच्याकडे गेलो म्हणजे मळ्यात शिरण्यापूर्वी आम्ही दोघेही प्रथम गाडीखाली वाकून पाहतो.