घोंघावतंय ते टायर की बेअरिंग?

जुन्या गाडीने साठचा वेग पकडला की खालून घूंऽऽ असा आवाज येतो आणि बरेच जण आधी टायर बदलून मोकळे होतात. हा खर्च पुष्कळदा वाया जातो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी क्षणभर न्यूट्रलला टाका. चावी मात्र बंद करू नका. इंजिन मंदावूनही आवाज तसाच राहिला, तर दोष चाकांकडे आहे. डांबरी रस्ता संपून सिमेंटचा लागताच सूर बदलला, तर टायर. सावकाश डावीकडे वळताना वाढला, तर बहुधा उजवं बेअरिंग, कारण वळताना भार त्या बाजूला जातो.

ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरतं, तेव्हा आधी बॅलन्सिंग पाहावं. ब्रेक दाबल्यावरच थरथर होत असेल, तर डिस्क.

आता खात्री. बाकीच्या चाकांना दगड लावा, जॅक चढवा, खाली स्टँड हवाच. चाक वर-खाली धरून हलवा. खटखटलं, तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा: खटखट थांबली तर बेअरिंग, नाहीतर बॉल जॉइंट. मग सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोटं टेकवून चाक फिरवा; बिघडलेल्या बेअरिंगची खरखर बोटांना थेट कळते.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की सीलमधून पाणी शिरतं, ग्रीस पांढुरकं होतं, गंजाचे खड्डे पडतात. जुन्या टेपर बेअरिंगमधला नुसता ढिलेपणा नट घट्ट करून जातो, पण खड्डे पडल्यावर बेअरिंग बदलावंच लागतं.