फुकट वाय-फायचा करार : उद्घाटनानंतर बिल कोण भरतो?

मनमाड जंक्शनच्या फलाटावर बसलेला प्रत्येक जण गाडीचीच वाट पाहत असतो असे नाही. मी ज्या वस्तीत काम करते तिथली काही मुले स्थानकाच्या वाय-फायवर स्पर्धा परीक्षेचे व्हिडिओ उतरवून घ्यायला जातात. घरातल्या एकाच मोबाईलचा रिचार्ज संपला की शिष्यवृत्तीचा अर्ज, निकाल, प्रवेशपत्र सगळेच अडते. पण फलाटावर नियमाने बसायचे तर १० रुपयांचे प्लॅटफॉर्म तिकीट लागते आणि ते दोन तास चालते. रेलटेलच्या २०२१ च्या योजनेप्रमाणे वाय-फाय फुकट मिळते ते दिवसाला पहिली ३० मिनिटे. पुढे १० रुपयांत एका दिवसासाठी ५ जीबी. म्हणजे ‘फुकट’ शब्दाआडही हिशेब असतोच.

हा हिशेब समजून घ्यायला हवा, कारण निवडणूक आली की ‘संपूर्ण शहर वाय-फाय’ हे आश्वासन हमखास येते. नारळ फुटतो, खांबावर डबा बसतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी तो डबा नुसता लटकत राहतो. असे का होते? उत्तर बहुतेक वेळा यंत्रापेक्षा करारात सापडते.

यंत्रणा चालते कशी?

वाय-फायचा डबा स्वतः इंटरनेट तयार करत नाही. त्याच्यापर्यंत फायबरची केबल आणावी लागते. त्याला चोवीस तास वीज लागते, बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस लागतो. मोकळ्या जागेत त्याची लहर साधारण शंभर मीटरपर्यंत नीट पोहोचते. मध्ये भिंती आल्या की ती लवकर क्षीण होते. त्यामुळे स्थानक, बसस्थानक, वाचनालय अशा जागी वाय-फाय सोपे पडते. अख्ख्या शहरात, घराघरांत ते पोहोचवणे फार महागात जाते. डबा बसवण्याचा खर्च एकदाच होतो, तो चालू ठेवण्याचा खर्च मात्र दर महिन्याला येतो.

कंपनी निघून गेली तर?

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचा अनुभव बोलका आहे. २००५ मध्ये त्या शहराने अर्थलिंक या कंपनीला साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपासच्या शहरभर वाय-फाय उभारण्यासाठी निवडले. पैसा कंपनी घालणार, मालकी कंपनीची, महापालिकेच्या तिजोरीवर भार नाही, आणि गरीब कुटुंबांना निम्म्या दरात जोडणी. ऐकायला उत्तम. पण अंदाजापेक्षा कितीतरी जास्त डबे बसवावे लागले, घरात सिग्नल मिळेना, ग्राहक अपेक्षेइतके आले नाहीत. मे २००८ मध्ये कंपनीने सेवा बंद करण्याचे जाहीर केले. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तर याच कंपनीने गुगलसोबत केलेला प्रस्ताव फुकट सेवेचा वेग आणि नागरिकांच्या माहितीची गुप्तता यांवरच्या वादात रखडला, आणि ऑगस्ट २००७ मध्ये कंपनीने माघार घेतली. ज्या गरिबांच्या नावाने या योजना मांडल्या गेल्या, त्यांना करार करताना कोणी विचारले नव्हते आणि मोडतानाही नाही.

आपल्याकडेही वेगळे चित्र नाही. रेल्वेची रेलटेल आणि गुगल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून स्थानकांवर मोफत वाय-फाय सुरू केले आणि जून २०१८ पर्यंत ४०० स्थानके जोडली. एर्नाकुलम स्थानकावरच्या एका हमालाने याच वाय-फायवर अभ्यास करून केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण केल्याची बातमी २०१८ मध्ये देशभर गाजली. त्याच वर्षी पुणे स्मार्ट सिटीने एल अँड टी, रेलटेल, आयबीएम यांच्यासह गुगलची हीच योजना शहरात दीडशे ठिकाणी आणली. पण फेब्रुवारी २०२० मध्ये गुगलने ही योजनाच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. कारण दिले की आता मोबाईल डेटा स्वस्त झाला आहे.

रेल्वे स्थानकांवर वाय-फाय तरीही टिकले. कारण रुळालगतची फायबर केबल रेलटेलची, म्हणजे सार्वजनिक मालकीची होती. भागीदार गेला तरी रस्ता आपला राहिला. हा फरक प्रत्येक नगरसेवकाने लक्षात ठेवावा. आणि ‘स्वस्त डेटा’चे म्हणाल तर जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी आपले दर वाढवले. रोजंदारीवरच्या घराला तो फरक लगेच जाणवतो.

करारात काय पाहायचे?

आपल्या गावात अशी योजना आली तर पाच प्रश्न विचारा.

१. केबल आणि डबे यांची मालकी मुदत संपल्यावर कोणाकडे राहणार?
२. देखभालीचा खर्च दरवर्षी कोणत्या खात्यातून होणार?
३. सेवा बंद पडली तर दंड किती, आणि तो वसूल कोण करणार?
४. डबे कुठे बसणार? मुख्य चौक आणि बाजारपेठेतच, की दलित-मुस्लिम वस्त्या, झोपडपट्टी, वसतिगृहांजवळही?
५. वापरणाऱ्याचा मोबाईल क्रमांक आणि माहिती कोण साठवणार, कशासाठी वापरणार?

चौथा प्रश्न आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. १९२३ मध्ये बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले होते. तरी पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. पाणी आणि इंटरनेट यांची तुलना होऊ शकत नाही हे मान्य. पण सार्वजनिक सोय कागदावर सर्वांची आणि प्रत्यक्षात काहींचीच, ही रीत जुनी आहे.

याच मनमाडमध्ये १२-१३ फेब्रुवारी १९३८ ला बाबासाहेबांनी अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. रेल्वेत आपल्या माणसाला साधी हमालाची जागाही का मिळत नाही, याची कारणे त्यांनी तिथे मांडली. आज भरतीची जाहिरात, अर्ज, प्रवेशपत्र सगळे ऑनलाइन आहे. ज्याच्या हातात जोडणी नाही, तो जाहिरात निघाल्याचे कळण्याआधीच स्पर्धेतून बाहेर पडतो. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या हक्काशी आणि खासगीपणाच्या हक्काशी जोडला, तो उगाच नव्हे.

आपण काय करू शकतो?

पहिले, करार मागा. माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज पुरतो. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही शुल्क नाही. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. निविदा, करारनामा आणि देखभालीची बिले, एवढेच मागितले तरी बरेच उघड होते.

दुसरे, सगळे शहर जोडण्याची वाट पाहू नका. केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकान, चहाची टपरी, वाचनालय यांना परवाना न काढता सार्वजनिक वाय-फाय देता येते. आपले बुद्ध विहार आणि त्यातली अभ्यासिका हे का करू शकत नाही? वर्गणीतून जयंतीची रोषणाई होते. तिच्यातला थोडा हिस्सा बाजूला काढला तर वर्षभराची एक ब्रॉडबँड जोडणी निघू शकते. मात्र तिथेही वही ठेवा : बिल किती आले, कोणी भरले, बिघडल्यावर कोणाला सांगायचे.

मग फलाटावरच्या त्या मुलांना अभ्यासासाठी तिकीट काढावे लागणार नाही.